आजीची मोसंबी, विमानाची वाट

(दृश्य : पंचवटीतल्या जुन्या घराची ओसरी. आजीच्या पुढ्यात वातींचा डबा, हातात विमानाचं तिकीट.)

मुंबईहून दुपारी दोनला निघणार, सॅन फ्रान्सिस्कोला साडेचारला पोहोचणार. तारीख तीच. आजीनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“अरे, अडीच तासांत अमेरिका? आपल्याला मुंबई गाठायलाच चार तास लागतात की!”

चार तास तिनं उदारपणे सांगितले. कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडला की तो हिशोबही गेला.

तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे. अडीचात साडेतेरा मिळवा, झाले सोळा. तेवढा वेळ आजीला खुर्चीत बसून काढायचाय.

(दृश्य : टोपलीतली मोसंबी, अगदी जवळून.)

अंतर सुमारे 13,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे, म्हणून आजी त्र्यंबकच्या दिशेनं हात करत होती. मी मोसंबी उचलली, देठ वर धरला. एका अंगाला मुंबईची टाचणी, जवळजवळ मागच्या अंगाला आत्याच्या गावची, सॅन फ्रान्सिस्कोची. वातीचं सूत दोन्हींत ताणलं. ते काही आडवं राहीना. सरकत सरकत देठाकडे गेलं. सगळ्यात जवळची वाट तीच, सायबेरिया आणि आर्क्टिक महासागरावरून.

पण विमान काही सुताला धरून उडत नाही. कुठे एखाद्या देशाचं आकाश बंद असतं, कुठे वारा आडवा येतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाटच बदलली. आधी ते अटलांटिकवरून जायचं, साधारण 13,900 किलोमीटर. मग पूर्वेकडे उडत, पॅसिफिकवरून जाऊ लागलं, 15,300 किलोमीटर. वाट चौदाशे किलोमीटरनं लांबली आणि वेळ उलट कमी झाला, साडेचौदा तासांवर आला.

(दृश्य : होळकर पुलाखाली पोहणारी पोरं.)

हे आजीला लगेच पटलं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी चढलं की धारेबरोबर जाणारा पोरगा हां हां म्हणता लांब जातो, उलटा येणारा हात मारून दमतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर अशीच वाऱ्याची धार पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, कधी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरनं. लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, तोही तिचाच प्रताप.

आजीनं परतीचा कागद उलटला. शनिवारी रात्री नऊला निघायचं, सोमवारी पहाटे अडीचला मुंबईत. तिनं खुंटीवरचं पंचांग काढलं, बोट फिरवलं, थांबली.

“त्या रविवारी एकादशी आहे. उपास कुठल्या गावच्या सूर्योदयाला धरायचा?”

मी पुन्हा मोसंबी हातात घेतली.