गावची सून, गावची पोलीस पाटील

[पहाट. एसटीचा थांबा. धुक्यातून येणारे दिवे.]

खाली पाटणला, सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, जाणारी ही सकाळची पहिली गाडी. खिडकीशी बसलेल्या ताईंच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल आहे. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, लग्नाची नोंद, सगळं तिच्यात. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

ताईंना गावची पोलीस पाटील व्हायचंय. म्हणजे गावात राहून पोलिसांना आणि प्रशासनाला मदत करणारी.

[प्रांत कचेरी. टेबलावर बरणी, भोवती गर्दी.]

सुरुवात या बरणीपासून झाली. तालुक्यातल्या ज्या गावांत पद रिकामं आहे, त्यांच्या आरक्षणाची ही सोडत. चिठ्ठी काढायला शाळेतली एक मुलगी बोलावली आहे. तिचा हात बरणीत जातो आणि मागे उभी असलेली माणसं टाचा उंचावतात. ताईंच्या गावाची चिठ्ठी निघाली: इतर मागास वर्ग, महिला.

[जुनं पाटलाचं घर. ओसरी, लाकडी खांब.]

पूर्वी चिठ्ठी लागत नव्हती. पाटीलकी बापाकडून मुलाकडे जायची. महसुली पाटलाचं वंशपरंपरागत पद 1962 च्या कायद्यानं गेलं. मग 1967 साली महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला आणि आजचा पोलीस पाटील त्यातून उभा राहिला. नेमणूक प्रांताधिकाऱ्यांची. वय 25 ते 45, शिक्षण किमान दहावी आणि राहणं त्याच गावात. ही शेवटची अट सगळ्यांत मोलाची. तलाठी, ग्रामसेवक बदलून जातात. पोलीस पाटील रात्री गावातच झोपतो.

[डोंगर. हिरव्या उतारावर तांबड्या मातीचा उघडा पट्टा.]

हा पट्टा नीट बघा. जुलै 2021. याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. घरं माणसांसकट गाडली गेली. अशा रात्री रस्ता बंद, वीज नाही, फोन लागत नाही. कोणत्या घरात किती माणसं, कोण अंथरुणाला खिळलंय, हे गावात राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून हे पद एक दिवसही रिकामं राहू नये, असं आम्हाला वाटतं.

[निवेदन थांबतं. पावसाचा आवाज.]

[सेतू केंद्र. रांग. काचेपलीकडे संगणक.]

आता कागद. ताईंचा खरा झगडा इथे होता.

दहावीच्या सनदेवर त्यांचं नाव माहेरचं. आधारवर सासरचं. माहेरी त्यांना एका नावानं हाक मारायचे, लग्नात दुसरं नाव ठेवलं. म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही बदललं. मग या दोन बायका एकच आहेत, हे कागदानं सिद्ध करायचं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला हवा. लग्नाला चौदा वर्षं झाली, नोंदणी कुणी केलीच नव्हती. लग्नपत्रिका शोधली. ती सासूबाईंच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत सापडली.

[लग्नपत्रिका. कडा पिवळ्या पडलेल्या. सासूबाईंचे हात.]

जातीचा दाखला वडिलांकडून येतो, म्हणून त्यासाठी माहेर गाठलं. घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या, नॉन क्रिमीलेअरच्या दाखल्यासाठीही माहेरचेच कागद लागले. वडील वारलेत. भावानं एक दिवसाची मजुरी बुडवून त्यांचा शाळेचा दाखला काढून आणला. रहिवासी दाखला सासरचा. चारित्र्याचा दाखला पोलिसांकडून. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र वेगळंच.

याच गावात जन्मलेल्या पुरुषाला यातलं निम्मं धावावं लागत नाही. तो एका नावानं शाळेत गेला, त्याच नावानं अर्ज भरतो. बाईला मात्र आपलंच नाव दोनदा सिद्ध करावं लागतं, आणि अर्जाची मुदत दोघांना सारखीच. गावात आणखी तिघी अर्ज भरणार होत्या. त्यातल्या एकीचा कागद मुदतीत आला नाही. तिच्या घरी आम्ही गेलो होतो. तिनं चहा केला, बोलली मात्र नाही.

[चुलीपुढे ती. पाठमोरी.]

[रात्र. कंदिलाएवढा बल्ब. पुस्तक, शेजारी झोपलेलं मूल.]

लेखी परीक्षा 80 गुणांची, दहावीच्या पातळीची. गणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता, परिसराची माहिती आणि पोलीस पाटलाची कर्तव्यं. ताई शेणकूर, धारा, स्वयंपाक उरकून रात्री नऊनंतर बसायच्या. शेकडेवारी सुटायची नाही. मुलगा सातवीत आहे, त्यानं शिकवली. 80 पैकी निदान 36 गुण मिळाले तरच तोंडी परीक्षेचं बोलावणं येतं. ताईंना ते आलं.

[प्रांत कचेरी. लांब व्हरांडा, बाकावर बायका-पुरुष. बंद दार.]

तोंडी परीक्षा 20 गुणांची. लेखीत कितीही मिळाले असोत, इथे हजर राहिलं नाही तर निवड नाही. आत समिती बसलीय, अध्यक्ष स्वतः प्रांताधिकारी. कॅमेरा बाहेर, आमच्याबरोबर बाकावर.

बाक बघा. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला हा मुलगा ओठांतल्या ओठांत गावाच्या चतुःसीमा घोकतोय. पूर्वेला अमुक शिवार, पश्चिमेला ओढा. एकीनं तळहातावर पोलीस ठाण्याचा नंबर लिहिलाय, घामानं तो पुसत चाललाय. बाळाला घेऊन आलेल्या एकीचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईनं हात पुढे केले आणि बाळ घेतलं. दोघी वेगळ्या गावच्या.

[बाळ अनोळखी मांडीवर. निवेदन नाही.]

ताईंचं नाव दुपारी पुकारलं. पदर सावरला, चपला दाराशी काढल्या. शिपाई म्हणाला, "राहू द्या ताई, घालूनच जा." त्यांनी पुन्हा घातल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत ऐका.

"म्हणाले, गावात दरड आली, मोबाइलला रेंज नाय, काय करशील? म्हटलं साहेब, रेंज वरच्या माळावर येते. तितवर चढायला दहा मिन्टं लागत्यात. पण आदी खालच्या आळीची माणसं देवळात हलवीन, मग माळ चढंन. म्हणाले, खालच्या आळीत घरं किती? म्हटलं, एकोणीस. त्यातल्या तिघांला उचलूनच न्यावं लागतंय. नावं सांगितली."

तिथल्या तिघांची नावं कुठल्याही पुस्तकात छापलेली नाहीत. ती माहीत असणं हीच या पदाची पात्रता आहे.

[फलक. कागद टाचणीनं लावलेला.]

यादी लागली, ताईंची निवड झाली. पहिली नेमणूक पाच वर्षांची. महिन्याला 15,000 रुपये, तेही पगार नव्हे, मानधन. एप्रिल 2024 पूर्वी ते 6,500 होतं.

[पाऊस. माळावरचा चढ. प्लॅस्टिकचा घोंगता घेतलेल्या ताई.]

नेमणुकीनंतरचा पहिला जोराचा पाऊस. ताई माळावर आल्यात. फोन उंच धरून रेंज बघतात. एक काडी येते, जाते, पुन्हा येते.

"हॅलो, तहसील का? पोलीस पाटील बोलतीय. व्हय, मीच. ओढ्याला पाणी वाढलंय. खालची एकोणीस घरं देवळात आणलीत. समदी हायत."

[खाली देऊळ. दारात उजेड.]