पाचशेच्या पुढचे पंच्याऐंशी

[मुलुंड पूर्व. अकराव्या मजल्यावरचा हॉल. फरशीवर टेकलेला गुडघा, बांगड्यांचा हात, पिवळी शिवणटेप.]

शिवणकामाची टेप साठ इंचांची असते. म्हणजे पाच फूट. तिने हॉल मोजायचा तर ती चार वेळा सरकवावी लागते, आणि दर वेळी जिथे ती संपते तिथे बोट दाबून धरावं लागतं. काकूंनी परवा अख्खं घर असं मोजलं. हॉल, किचन, दोन्ही बेडरूम, बाथरूमसुद्धा. आकडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिले आणि शेजारच्या मुलाला बोलावून गुणाकार करून घेतला.

उत्तर आलं ५७९.

खाली सोसायटीच्या ऑफिसात पालिकेचं जे बिल फाइलला लावलंय, त्यावर काकूंच्या घराचं क्षेत्रफळ ५४.३५ चौरस मीटर आहे. सेक्रेटरींनी मोबाइलवर हिशेब करून सांगितलं होतं, "काकू, ५८५ फूट होतात." सहा फुटांचा फरक टेप सैल पडल्यामुळे आला असेल. पण काकूंना सहा फूट शोधायचे नव्हतेच. त्यांना पंच्याऐंशी फूट कमी भरायला हवे होते.

[बिलाचा कागद, अगदी जवळून. रकाने.]

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला मालमत्ता कर नाही. ५०० फूट चटई क्षेत्र, लोकांच्या भाषेत 'कारपेट', आणि पालिकेच्या भाषेत ४६.४५ चौरस मीटर. हे आश्वासन २०१७च्या पालिका निवडणुकीतलं. २०१९ मध्ये त्यातला फक्त 'सर्वसाधारण कर' माफ झाला, बाकीचे रकाने बिलावर तसेच राहिले आणि लोक विचारत राहिले, की माफ झालाय तर बिल कसलं आलं? पूर्ण माफी मिळाली ती २०२२च्या जानेवारीत. सुमारे सोळा लाख घरांना तिचा फायदा झाला. हा दिलासा खराच मोठा होता, त्याबद्दल वाद नाही.

पण ही रेघ आहे, उतार नव्हे. ५०० फुटांना शून्य. ५०१ फुटांना एका फुटाचा नाही, पूर्ण ५०१ फुटांचा कर.

काकूंच्या घरात दुसरी बेडरूम आहे, साधारण साडेआठ बाय दहाची. म्हणजे पंच्याऐंशी फूट. तिथे कुणी झोपत नाही. एक दिवाण, शिलाई मशीन, गणपतीच्या मखराचा खोका. लेक नाशिकहून दिवाळीला आणि मे महिन्यात येते, तेव्हा ती खोली उघडते. ही एक खोली नसती, तर घर करातून सुटलं असतं.

[जुना फोटो: तीन मजली इमारत, गच्चीवर वाळत घातलेले पापड.]

आधीचं घर याच जागेवर होतं. १९७०च्या दशकातली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीला ओल. घर ४२० फुटांचं. मग रिडेव्हलपमेंट आलं. अडीच वर्षं भाड्याच्या घरात काढली, त्यातले शेवटचे सात महिने बिल्डरचं भाडं वेळेवर आलं नाही, ते असो. चावी मिळाली तेव्हा पेढे वाटले. घर मोठं झालं, लिफ्ट आली, चोवीस तास वॉचमन आला. त्यानंतर बिल आलं.

मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लागतो. त्याआधी करपात्र मूल्य होतं, म्हणजे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल यावर आकारणी. त्यातही न्याय होता असं नाही. गिरगावात रस्त्यालगतच्या पागडीच्या इमारतीत भाडं गोठलेलं, म्हणून कर किरकोळ, आणि उपनगरातल्या नव्या इमारतीतल्या कारकुनाला त्याच्या कितीतरी पट. भांडवली मूल्याची पद्धत हा वाकडेपणा काढायला आली, आणि कागदावर ती वाईट नाही.

हिशेब असा चालतो: सरकारने त्या विभागासाठी ठरवलेला रेडी रेकनरचा दर, गुणिले क्षेत्रफळ, आणि त्यावर भारांक, म्हणजे आकडा कमी-जास्त करणारे गुणक. वापर कसला, बांधकाम कसलं, इमारतीचं वय किती, मजला कितवा. (रेडी रेकनरला सरकारी मराठीत 'शीघ्रसिद्धगणक' म्हणतात. हा शब्द मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही, कर भरणाऱ्याच्या तर नाहीच.) जुन्या इमारतीला वयाची सूट मिळते. नव्या इमारतीचं वय शून्य, म्हणून सूटही शून्य. लिफ्टच्या इमारतीत वर जावं तसा मजल्याचा भारांक चढतो. दर पाच वर्षांनी फेरआकारणी झाली, तर वाढ आधीच्या कराच्या ४० टक्क्यांवर जाऊ नये अशी मर्यादा आहे खरी. पण काकूंची इमारत पाडून नवी उभी राहिली. हिशेब कोऱ्या पाटीवर सुरू झाला.

आता यात काकूंनी काय केलं? काही नाही. ज्या गल्लीत लग्न होऊन आल्या त्याच गल्लीत राहिल्या. पलीकडे, स्टेशनच्या त्या बाजूला एलबीएस रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिले, कारखाने गेले, मॉल आले, आणि आसपासच्या जागेचा भाव चढला. त्यातल्याच एका कारखान्यात काकांनी एकतीस वर्षं काम केलं.

[पासबुक. थरथरणारं बोट एका ओळीवर.]

काका गेल्यावर काकूंना ईपीएसचं, म्हणजे नोकरीतल्या पीएफला जोडलेल्या योजनेचं, पेन्शन लागलं. या योजनेतलं किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, अजून तेवढंच. काकूंना त्याहून थोडं जास्त मिळतं, दोन हजारांच्या आत. बिल्डरने एकरकमी दिलेल्या पैशांची, कॉर्पसची, एफडी आहे, तिचं व्याज महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास.

घराचा कर वर्षाला साडेतेरा हजार. पालिका सहा-सहा महिन्यांचं बिल काढते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पण बिल येतं ते अख्ख्या सोसायटीच्या नावावर, आणि सोसायटी ते मेन्टेनन्समध्ये फ्लॅटवार लावते. वॉचमन, लिफ्ट, झाडलोट सगळ्यांना सारखं. कर मात्र ज्याच्या-त्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे. काकूंचं महिन्याचं मेन्टेनन्स ६,३०० रुपये, त्यातले ११२५ कराचे.

पेन्शन आणि व्याज मिळून जेमतेम तेवढंच होतं. गॅस, दूध, गोळ्या, लाइट बिल यासाठी लेक दर महिन्याला गूगल पे करते. काकू म्हणतात, "घर कोटीचं आहे म्हणे. असेल. पण त्यातली एक वीट काढून वाण्याला देता येते का?"

[सोसायटीचं ऑफिस. सेक्रेटरी बॉलपेनने रकाने दाखवतात.]

मालमत्ता कर हा एकच कर आहे असं बाहेरून वाटतं. सर्वसाधारण कर, जल लाभ कर, मलनि:सारण कर, मलनि:सारण लाभ कर, पालिकेचा शिक्षण उपकर, राज्याचा शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर (म्हणजे रस्त्यांचा कर, टोल नव्हे). सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना हे पाठ आहे. "काकू, यात आपल्या हातात एकच गोष्ट आहे. उशीर न करणं." थकलं तर महिन्याला दोन टक्के दंड, म्हणजे वर्षाला चोवीस. होम लोन त्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळतं. आणि बिल सोसायटीच्या नावावर, त्यामुळे चार घरांनी पैसे दिले नाहीत तर थकबाकीदार सगळी इमारत ठरते.

एक विषय सेक्रेटरींनी कॅमेरा बंद करायला लावून काढला. बांधकाम चालू असतानाच्या काळातला प्लॉटवरचा कर बिल्डरने भरायचा होता. करारात तसं कलम आहे. तो भरलेला नाही हे सोसायटीला चावी मिळाल्यावर कळलं. मोकळ्या जमिनीवर, पुढे तिथे किती बांधकाम होऊ शकतं हे धरून कर लावण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केला होता, आणि २०२२च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. म्हणजे अजून न बांधलेल्या मजल्यांचा कर आज मागता येत नाही. पण जुन्या बिलांचा गुंता त्याने आपोआप सुटत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यावर दोन तास भांडण होतं आणि शेवटी सगळे वडापाव खाऊन घरी जातात.

[मुलुंडची वेस, संध्याकाळ. ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्या.]

काकूंच्या घरापासून हा नाका रिक्षाने दहा मिनिटांवर. इथे ट्रकांच्या रांगा लागायच्या, जकातीसाठी. रात्रभर हॉर्न, चहाच्या टपऱ्या, दलाल. आणि त्या रांगांमधून पालिकेच्या तिजोरीत वर्षाला हजारो कोटी जायचे. कांदा, कापड, सिमेंट, टीव्ही, मुंबईत शिरणाऱ्या जवळपास प्रत्येक वस्तूवर मुंबईकर जकात भरत होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. जकातीचं बिल कधी कुणाच्या दारात आलं नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. राज्य सरकार भरपाई देतं. पण स्वतःच्या हक्काचं मोठं उत्पन्न म्हणून पालिकेकडे उरला तो मुख्यतः मालमत्ता कर. २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, कोस्टल रोड आहे, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आहे, सांडपाण्याचे प्रकल्प आहेत. पैसा लागणारच. त्यात सोळा लाख घरं माफीत गेलेली. मग उरलेल्यांकडे बघितलं जातं. त्याच अर्थसंकल्पात झोपडपट्टीतल्या दुकानांना कर लावण्याचा विचार आला. त्याच वर्षी घरोघरच्या कचऱ्यासाठी शुल्काचा मसुदा निघाला: ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, त्यापुढे ३०० मीटरपर्यंतच्याला ५००. इथेही रेघच. काकूंचं घर त्याही रेघेच्या चार-साडेचार चौरस मीटर पलीकडे. हरकतींचा पाऊस पडला आणि ते थांबलं.

वाढीचंही असंच चालतं. २०२० ची फेरआकारणी कोविडमुळे लांबली. २०२३च्या डिसेंबरात वाढीव बिलं लोकांना ऑनलाइन दिसली, आरडाओरडा झाला आणि ती मागे गेली. या काळात प्रश्न विचारायला नगरसेवकही नव्हता. ७ मार्च २०२२ ला त्यांची मुदत संपली, ती २०२६च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत पालिका प्रशासकाच्या हातात होती. बिल जास्त वाटलं तर जायचं कुणाकडे? वॉर्ड ऑफिसात. तिथे तक्रारीचा अर्ज मिळतो, आणि अर्जासोबत आधी बिल भरल्याची पावती लावावी असा सल्ला.

[वरळी. उंच नव्या इमारती, त्यांच्या पायथ्याशी उरलेल्या बीडीडी चाळी.]

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशेसाठ फुटांच्या खोलीतून थेट ५०० फुटांत. बरोबर ५००. हा आकडा तिथे कसा आला, त्याची कारणं वेगळी असतील, पण कर लागणार नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मेन्टेनन्सची काळजी आहे, ती वेगळी.

इकडे मुलुंडमध्ये काकूंच्या गल्लीतल्या आणखी दोन इमारती पाडायच्या आहेत. तिथल्या सभासदांना बिल्डर ६२० फूट देतोय. गेल्या आठवड्यात तिथली एक बाई काकूंकडे येऊन बसली. चहा झाला. मग तिने विचारलं, "जास्तीचा एरिया नको, त्याचे पैसे द्या, असं म्हणता येतं का हो?"

काकूंनी तिला शिवणटेप दाखवली. दोघी बराच वेळ हसल्या.

मला ते हसणं नीट कळलं नाही. मुंबईत तीन पिढ्या दोन खोल्यांत काढलेल्या माणसांना एक खोली जास्त मिळते, आणि ती नको म्हणायची वेळ येते. या शहरात कारपेट वाढवण्यासाठी लोकांनी आयुष्यं घातली आहेत.

[इमारतीची लॉबी. काचेच्या पेटीतला सूचना फलक.]

सोसायटी दर महिन्याच्या दहा तारखेनंतर थकबाकीदारांची यादी लावते. नावं नसतात, फक्त फ्लॅट नंबर आणि रक्कम. काकूंचा नंबर त्यात आजवर कधी आलेला नाही. तरीही भाजीला निघाल्या की त्या आधी फलकापाशी थांबतात. चष्मा पर्समधून काढतात, वरपासून खालपर्यंत बोट फिरवतात. ३०२. ७०४. ९०१. १२०३.

मग चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवतात आणि वॉचमनला विचारतात, "मेथीवाला गेला का रे पुढे?"