दात आवळून हसताना

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कडेने ओघळते आणि आरशात पाहावे, तर तोंड वाकडे झालेले असते व एक डोळा मिटत नाही. मुंबईत घरचे लगेच म्हणतात, "लोकलच्या दारात उभा राहिलास, वारे लागले." वाऱ्याला उगाच दोष मिळतो. बहुतेकदा मेंदूतून निघणारा सातवा मज्जातंतू कानामागच्या हाडातील अरुंद नळीत सुजतो व तिथेच आवळला जातो. या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात.

तोंड मेंदूच्या झटक्यानेही (पक्षाघाताने) वाकडे होते; पण त्यात कपाळावर बहुधा आठ्या पडतात, बेल्स पाल्सीत त्या बाजूचे कपाळही सपाट राहते. हा फरक मात्र डॉक्टरांनीच ठरवावा; तोंड अचानक वाकडे झाले, विशेषतः हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

निदान पक्के झाल्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू होणे महत्त्वाचे असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील चाचणीत नऊ महिन्यांनी हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के. म्हणजे औषधाविनाही बरेच जण सुधारतात, आणि झाडपाल्याला यश मिळते ते यामुळेच. मधुमेह असल्यास या औषधाने साखर वाढते, हे डॉक्टरांशी आधीच बोलावे.

सर्वाधिक हेळसांड होते ती डोळ्याची. तो उघडा राहून कोरडा पडतो, बुबुळावर जखम होते आणि नजरही जाऊ शकते. म्हणून दिवसा थेंब, रात्री मलम व पापणी मिटवून लावलेली पट्टी, हे औषधाइतकेच आवश्यक आहे.

'करंट', म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके, घेण्यासाठी अनेक जण रोज खेपा घालतात, पण त्याचा फायदा ठोसपणे सिद्ध झालेला नाही. आरशासमोर, जोर न लावता केलेला सराव अधिक बरा. पुढे हसताना डोळा आपोआप मिटू लागला, तर बोटॉक्सचे इंजेक्शन उपयोगी पडते.

तीन महिन्यांत काहीच हालचाल नसेल, तर कारण पुन्हा शोधावे लागते. इजा झालेला मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर पुन्हा वाढतो आणि साधारण दीड वर्षाने स्नायू निकामी होऊ लागतात. मग मांडीतील स्नायू गालात बसवतात व अनेकदा तो चावण्याच्या मज्जातंतूला जोडतात. अशा रुग्णाला सुरुवातीला हसण्यासाठी दात आवळावे लागतात.