आधी छत, मग कूलर

मंडळी, घर थंड कसं ठेवावं हे सांगायला मला बोलावलंय. सुरुवात मात्र वाया गेलेल्या खर्चापासून करतो, कारण तो माझाच आहे.

औशाजवळ आमचं जुनं घर आहे. उन्हाळ्यात आई रात्र रात्र पदरानं वारा घेत बसायची. मी शिकलेला. मनाशी ठरवलं, दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं, ताप तिथूनच येतोय. त्या भिंतीला बाहेरून पत्र्याची सावली केली, खिडक्या बदलल्या. मे महिना आला. आई म्हणाली, "भिंत पयलंबी गारच व्हती की. वरून तापतंय, वरून."

तिचंच खरं होतं. मेच्या मध्याला लातूरकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी गडप होते. पुढे जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच राहतो. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन येतं ते हिवाळ्यात, आणि तेव्हा ते हवंच असतं. उन्हाळा झेलतं ते छत, आणि तिसऱ्या प्रहरानंतर पश्चिमेची भिंत.

आता छताचं. आमच्यावर आधी माळवद होतं. तुळया, त्यावर किलचं, पाला आणि वर फूट-दीड फूट पांढरी माती. दुपारचा ताप एवढ्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर माणसं अंगणात बाजा टाकून झोपलेली असायची. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि ही जड माळवदंच लोकांच्या अंगावर कोसळली. त्या धसक्यानं पंचक्रोशीत किती माळवदं उतरवली गेली! आमचंही उतरवलं. माळवदाच्या आठवणीनं गळा काढणारे मला भेटतात. त्यांना सांगतो, त्या मातीखालून माणसं उपसताना तुम्ही पाहिली असती तर असं बोलला नसता.

पण माती गेली आणि पत्रा आला, तो लगोलग तापतो. पुढे दोन खोल्यांवर स्लॅब पडला. स्लॅबचं दुखणं वेगळं. चार-पाच इंच काँक्रीट दुपारी ऊन पितं आणि संध्याकाळपासून खाली ओकत राहतं. म्हणजे बरोब्बर आपण अंथरूण घालतो तेव्हा.

खात्री करायची असेल तर रात्री अकराला स्टुलावर उभं राहून तळहात छताला लावा. मग पश्चिमेच्या भिंतीला, मग दक्षिणेच्या. आमच्याकडे दक्षिणेची भिंत कोमट होती आणि छत शेकलेल्या तव्यासारखं. बाजारात लांबून तापमान दाखवणारी बंदूक मिळते, तीही चालेल. ताप मोजायची कोविडमधली नव्हे, कारागिरांची. मात्र चकचकीत पत्र्यावर ती थापा मारते, खरं तापमान सोडून कमी आकडा दाखवते. पत्र्याला कागदी चिकटपट्टी लावा, पट्टी तापू द्या आणि तिच्यावर रोखा.

उपाय फार नाहीत. स्लॅबवर चुना. कळीचा चुना भिजवून, गाळून, थोडा डिंक घालून, ओल्या केलेल्या गच्चीवर दोन-तीन हात. मार्चमध्येच उरका, पावसात तो धुऊन जातो, दर वर्षी करावा लागतो. पांढरं छत बरंचसं ऊन परत आभाळात फेकतं, काळपट स्लॅब बहुतेक सगळं पिऊन टाकतो. पत्र्याखाली बांबूचे तट्टे बांधा, पण पत्र्याला चिकटवून नको. मध्ये वीतभर पोकळी ठेवा आणि दोन्ही टोकांना वारा खेळायला वाट ठेवा, नाहीतर तापलेली हवा तिथंच कोंडते. पत्र्यावर तुराट्या टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गुण येतो, पण चुलीचं धुराडं शेजारी असेल तर तो विचार सोडा.

खिडक्या सकाळी नऊला बंद, रात्री उघड्या. कूलर लावला की मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ साठते. लोक नेमकं उलट करतात आणि मग कूलरला शिव्या देतात.

हिवाळ्यात हेच छत उलटं वागतं. निरभ्र रात्री पत्रा आपली ऊब आभाळाकडे टाकत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. घरातल्या श्वासाची, चहाच्या आधणाची वाफ त्याला आतून लागते आणि पहाटे पांघरुणावर थेंब पडतात. ते तट्ट्यानं बरेच कमी होतात. पत्र्याला भोक पडलं समजून वर चढून डांबर मात्र थापू नका. मी तेही करून बसलोय.