कान देऊन

[दृश्य : स्पीकरचं दुकान. शेल्फवर ओळीनं मांडलेले स्पीकर. मोठ्या आवाजात चाललेलं गाणं एकदम थांबतं.]

स्पीकर घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता आधी एखादं दणदणीत ठेक्याचं गाणं लावतो. छातीत धडधडलं की गिऱ्हाईक खूश. मी त्याला ते बंद करायला सांगतो आणि नुसता तानपुरा लावायला सांगतो. गाणं नको, तबला नको, फक्त चार तारा. दोन मिनिटांत स्पीकरची परीक्षा होते.

तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, वरून सपाट नसते. तिला डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका बाक दिलेला असतो. थरथरणारी तार त्या बाकाला चाटत राहते. तारेखाली एक सुती दोरा अडकवलेला असतो. तो केसभर मागेपुढे सरकवला की जवारी, म्हणजे त्या चाटण्यातून उठणारा गुंजारव, खुलते. मग मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर एकामागून एक वर यायला लागतात. खर्जाची तार नीट लागली असेल, तर कुणी न छेडलेला गंधार तिच्यातून आपोआप ऐकू येतो. त्याला गाणारी मंडळी स्वयंभू गंधार म्हणतात. तो षड्जाचा पाचवा उपस्वर. बेताच्या स्पीकरवर तो एकतर गायब होतो, नाहीतर पत्रा वाजल्यासारखा टोचतो. चांगल्या स्पीकरवर तो असतो तिथे असतो, शोधावा लागत नाही.

[दृश्य : मिरज. सतार-तानपुऱ्याचा कारखाना. कारागिराचे हात, घोडी, कानस.]

ही जवारी मिरजेत आजही हातानंच काढतात. कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांना मिळालं. आणि कानांनाही. किती घासायचं आणि कुठे थांबायचं, हे तिथे कुठलंच यंत्र सांगत नाही.

घरी चांगला आवाज ऐकण्याचा छंद मी कित्येक वर्षं जोपासतोय. अँप्लिफायर, स्पीकर, सीडी प्लेअर, सोल्डरिंगचं सामान, सगळं घरात आहे. पण मिरजेतल्या त्या माणसासारखा कान तयार व्हावा, एवढ्यासाठी हे सगळं. आजूबाजूला बघतो तेव्हा मला वाटतं, आपण छंद म्हणून जे करतो त्यात कान, डोळा, हात तयार होणं मागे पडलंय आणि खरेदी पुढे गेलीय. कॅमेऱ्याचा छंद म्हणजे नवी लेन्स. सायकलीचा छंद म्हणजे आणखी हलकी सायकल. आमच्या छंदात तर विचारूच नका. स्पीकरच्या वायरीला पन्नास-पन्नास हजार मोजणारे लोक मी पाहिलेत. माझं मत विचाराल तर, वायर पुरेशी जाड हवी, तांबं असावं, जोड घट्ट असावा. त्यापुढचा पैसा वाया. यावर माझ्याशी भांडणारे खूप आहेत. त्यांना मी एवढंच म्हणतो, कुठली वायर लावलीय ते न बघता ओळखून दाखवा.

[दृश्य : साध्या फ्लॅटमधली बैठकीची खोली. जमिनीवर टेप अंथरून मोजमाप चाललंय.]

पैसे घालण्याआधी खोली समजून घ्या. दहा बाय बाराची खोली धरा. बारा फूट म्हणजे साधारण ३.६६ मीटर. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. हिशोब केला तर समोरासमोरच्या त्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकून बसतो आणि दहा फुटांवरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा. त्या सुरांवर आणि त्यांच्या पटींवर खोली घुमते. तबलजी डग्ग्यावर घिस्सा घेतो, तो सूर खालून वर सरकत जातो आणि वाटेत एका जागी अचानक फुगतो, पुढच्या जागी गिळला जातो. तबलजीनं तसं काही वाजवलेलं नसतं. ती आपली खोली वाजतेय.

यावर उपाय फुकट आहे. स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढा. आपली खुर्चीही मागच्या भिंतीला चिकटवू नका. दोन स्पीकर आणि आपण मिळून समभुज त्रिकोण झाला पाहिजे, आणि वरचा छोटा ट्वीटर, म्हणजे उंच सुरांचा स्पीकर, बसल्यावर कानाच्या उंचीला आला पाहिजे. मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून टर्रर्र असा आवाज आला, तर उघड्या भिंती एकमेकींकडे तो फेकताहेत. तिथे पुस्तकांचं कपाट येऊ द्या, जाड पडदा येऊ द्या, खाली सतरंजी अंथरा. पडद्यानं खर्ज मात्र आवरत नाही, त्यासाठी स्पीकर आणि खुर्ची हलवत राहणं हाच मार्ग. एक संध्याकाळ यात घालवा. नव्या स्पीकरनं पडला नसता इतका फरक पडतो. घरच्यांना सोफा हलवायला पटवणं हे त्यातलं सगळ्यात कठीण काम, आणि त्यांचा होकार घेऊनच हलवा. खोली त्यांचीही आहे.

[दृश्य : मुंबईतला लॅमिंग्टन रोड, मग पुण्यातली तपकीर गल्ली. काउंटरवर सुट्या आयसी, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर.]

ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी इथे यावं. ‘४४४०चं किट द्या’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. एलए ४४४० ही सॅन्यो कंपनीची आयसी, म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला अँप्लिफायर. दोन बाजूंना सहा-सहा वॅट, दोन्ही बाजू जोडल्या तर एकोणीस. आपल्याकडे असेंबल केलेल्या किती डेकमध्ये ही बसली असेल! सहा वॅट ऐकून नव्या पोरांचा चेहरा पडतो, कारण खोक्यांवर हजारांचे आकडे वाचायची सवय झालीय. पण ९० डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटरवर ९० डेसिबल आवाज मिळतो. खोलीत बसून ऐकायला तो भरपूर झाला. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल.

किट जोडलं, डाग दिले, सुरू केलं की बहुतेकांना पहिला अनुभव येतो तो गुणगुणण्याचा. गाणं सुरू नसतानाही स्पीकर गुणगुणत राहतो. आता इथे ऐका.

[ध्वनी : आधी खालचा गुणगुणाट, मग त्याच्या वरच्या सप्तकातला.]

आपली वीज ५० हर्ट्झची. पहिला आवाज त्याच सुरात आहे, म्हणजे घोटाळा अर्थिंगमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळून गेलेल्या वायरीत शोधायचा. दुसरा बरोबर एक सप्तक वर, १०० हर्ट्झ. उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला वळवणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून ती बाहेर पडते या दुप्पट लयीत, म्हणजे तिचे चढउतार सपाट करणारा फिल्टरचा कपॅसिटर कमी पडतोय. मीटर लावायच्या आधी कानानं निदान झालं. हे ज्याला एकदा जमलं, त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलाय आणि तो कुठल्याही पार्सलचं खोकं उघडण्याच्या आनंदापेक्षा मोठा असतो. शाळेतल्या मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली हे करू द्यावं, असं मला फार मनापासून वाटतं. बारा व्होल्टच्या बाजूला काम त्यांचं, २३० व्होल्टच्या बाजूला मोठ्यांचं.

‘यातून मिळतं काय?’ हा प्रश्न हल्ली फार लवकर येतो. चित्र काढणाऱ्या मुलीला लगेच सांगतात, विकायला ठेव. पळणाऱ्या माणसाच्या मनगटावर घड्याळ बसलेलं असतं, ते त्याला रोज गुण देतं. ज्याचा हिशोब कुणाला द्यायचा नाही असा दिवसातला एक तास माणसाकडे असलाच पाहिजे. माझ्या मते हे पोटापाण्याइतकंच गरजेचं आहे.

[दृश्य : टेबलावर उघडलेला जुना स्पीकर. कोनाभोवतीची फोमची कड भुगा होऊन पडतेय.]

हा भुगा बघा. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवती, म्हणजे थरथरणाऱ्या शंकूभोवती, फोमची कड असते, ती पंधरा-वीस वर्षांत अशी झडते. आपल्या दमट हवेत लवकरच. लोक असा स्पीकर भंगारात देतात. त्याचं चुंबक ठीक असतं, कॉइल ठीक असते, कोन ठीक असतो. जुना फोम खरवडून काढायचा, नवी कड चिकटवायची आणि गोंद सुकेपर्यंत कॉइल बरोबर मध्यावर राहील याची काळजी घ्यायची. बोटांनी कोन हलकेच आत दाबला आणि खरखर आली नाही, की स्पीकर पुढची पंधरा वर्षं वाजणार. याच्या शेजारी आजचा ब्लूटूथ स्पीकर ठेवा. बहुतेकांत बॅटरी आत चिकटवून बंद केलेली. ती गेली की सगळं खोकं गेलं, आत बाकी सगळं धडधाकट असताना. घरातली वस्तू उघडता आली पाहिजे, हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो आपण मागायला हवा.

[दृश्य : जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. लेबलं जवळून.]

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीनं कोलकात्यात येऊन आपल्याकडचं गाणं तबकडीवर घेतलं. त्या सुरुवातीच्या गायिकांत होत्या गौहर जान. तीन मिनिटांच्या आसपास जागा. तेवढ्यात राग मांडायचा, आणि शेवटी मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या माणसांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून.

आज मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये जगभरचं संगीत आहे, वेळेची मर्यादा नाही, आवाजही उत्तम आहे. जुनं तेच सोनं असं मी मानत नाही. सीडीच्या १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातला सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, एलपीला तो कधीच जमला नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एखादी मैफल लावा आणि तबल्याला कोण आहे ते शोधून दाखवा. हार्मोनियमला कोण? तानपुऱ्यावर मागे बसून कुणी सूर धरलाय? गायकाचं नाव मोठं, बाकीचे बेपत्ता. रागाचं नावही कधी चुकीचं, कधी अर्धवट. सीडीच्या आतल्या चार पानांच्या पुस्तिकेत ही नावं असायची, कॅसेटच्या कागदावरही असायची. ज्यानं तासभर विलंबित एकताल एका लयीत पेलला, त्याचं नाव लिहायला आजच्या संगणकात जागा नाही असं तर नाही ना? म्हणून माझ्याकडे सीडी आहेत आणि राहतील. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट आहेत त्यांनी कागद टाकू नका. निदान फोटो काढून ठेवा.

[दृश्य : मिरवणूक. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. दुकानाच्या काचा थरथरताहेत.]

‘तुम्ही आवाजाचे शौकीन, तुम्हाला डीजे आवडत असेल.’ नाही. मला त्याची चीड येते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. या भिंतीसमोर शंभरच्या पुढे आकडा जातो. आणि डेसिबलचा हिशोब साधा वजाबाकीचा नाही. दर १० डेसिबलला ऊर्जा दहापट. ५५ आणि १०५ यांत लाखपट फरक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकायला हरकत नाही. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०१ डेसिबलपर्यंत आलात की अख्ख्या आठवड्यासाठी जेमतेम वीस मिनिटं उरतात. मिरवणूक कित्येक तास चालते. कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. त्या मेल्या की परत उगवत नाहीत. त्या ट्रकपुढे बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर दिसलं की मला राहवत नाही, मी जाऊन सांगतो, त्याला मागे न्या. काही ऐकतात. ढोल-ताशा, लेझीम, भजन यांचं मला वावडं नाही, सण दणक्यात व्हावा. पण माणसाच्या हातांनी जितका आवाज निघतो तितका पुरे, असं मी दरवर्षी आमच्या मंडळाच्या बैठकीत सांगतो आणि सांगत राहणार.

[दृश्य : रविवार सकाळ. तीच बैठकीची खोली. शेजारचे काका येऊन बसताहेत, कुणीतरी चहा आणतंय.]

रविवारी आमच्याकडे ऐकायला माणसं येतात. शेजारचे काका नाट्यसंगीतासाठी येतात, त्यांची नात तिच्या आवडीचं लावते. इअरफोनवर आवाज बारकाईनं ऐकू येतो हे मान्य आहे. पण एखादी जागा अशी येते की काका ‘अरे वा’ म्हणतात आणि नातीनं मोबाइलवरून मान वर केलेली असते. तिलाही ते कळलेलं असतं. पुढच्या आठवड्यात तीच विचारते, ‘आजोबा, ते परत लावायचं?’ कान असा एकमेकांच्या संगतीत तयार होतो. म्हणून मी स्पीकरच्या बाजूचा माणूस आहे.

आणि तरीही एक मागणी माझी स्पीकरच्या विरोधात आहे. गावोगावच्या संगीत मंडळांना, घरगुती बैठका करणाऱ्यांना, वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. पन्नास-साठ माणसं बसली असतील, खोली बऱ्यापैकी शांत असेल, तर माइक लावू नका. पंखा कमी करा, खिडक्या लावून घ्या, मंडळींना पुढे सरकून बसायला सांगा. गळ्यातून निघालेला आवाज यंत्राच्या मध्यस्थीशिवाय कसा असतो, हे ज्यांनी एकदाही ऐकलेलं नाही अशी मुलं आता मोठी होताहेत. घरातला स्पीकर बरोबर वाजतोय की नाही, हे ती कशाशी ताडून बघणार?