बिचारा 'सिली'

मंडळी, पुढे या, पुढच्या रांगेत जागा आहे. मी कोणालाही प्रश्न विचारत नाही.

आजचा विषय म्हणजे एकच शब्द, 'सिली'. इंग्रजीत खुळचट, बावळट, वेडगळ अशा अर्थानं वापरतात तो. शिवी म्हणावी इतका काही तो कडक नाही. 'स्टुपिड' म्हटलं की माणूस दुखावतो, 'सिली' म्हटलं तर फार तर गाल फुगवतो. आपल्याकडे लाडानं 'वेडाबाई' म्हणतात, तसंच काहीसं. माझी या शब्दाशी ओळख मात्र इंग्रजीच्या तासाला झाली नाही, वाड्याच्या चौकात झाली.

आमच्याकडे कॉर्कच्या चेंडूनं क्रिकेट चालायचं. तो चेंडू ज्यांनी नडगीवर खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको. रेडिओवर ऐकून मोठ्या मुलांनी फील्डिंगच्या जागा पाठ केल्या होत्या. कप्तान ओरडायचा, "याला सिली पॉइंटला उभा करा रे!" याला म्हणजे मला. बॅटपासून दोन पावलांवर, गुडघे वाकवून, ओंजळ पुढे धरून. हेल्मेट कसलं? आईनं सकाळी चापून बसवलेलं खोबरेल तेल, तेवढंच काय ते डोक्यावर. माझे कॅच काही फार चांगले नव्हते. पण मी 'नाही' म्हणत नसे. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती गरीब आहे हो पोर!" आणि पोर गरीब, म्हणूनच ते सिली पॉइंटला.

क्रिकेटमधला हा 'सिली' म्हणजे शहाणा माणूस जिथे उभा राहणार नाही इतका फलंदाजाच्या जवळ. सिली पॉइंट, सिली मिड-ऑफ, सिली मिड-ऑन. आमच्या पिढीचा देव एकनाथ सोलकर. तो उभा राहायचा फॉरवर्ड शॉर्ट लेगला. त्या जागेला सिली म्हणत नाहीत, पण धोका तोच. २७ कसोटी, ५३ झेल, डोक्यावर काही नाही. तो मात्र गरीब म्हणून तिथे उभा केलेला नव्हता. असो. सोलकरवर सुरू झालो तर शब्द राहून जाईल.

आता शब्दाकडे. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सॅल' म्हणजे सुवेळ, सुख. त्यावरून झाला 'सॅलिग', म्हणजे सुखी, भाग्यवान. ख्रिस्ती धर्माच्या वळणानं पुढे त्याला 'देवाची कृपा झालेला', 'धन्य' असा अर्थ आला. त्याची सख्खी भावंडं अजून सुस्थितीत आहेत. इथे कोणी जर्मन शिकलंय का? हां, तुमच्याकडे 'सेलिश' आहे, म्हणजे धन्य. जर्मन माणूस वारलेल्या वडिलांविषयी बोलताना हाच शब्द लावतो, आपण 'कैलासवासी' लावतो तसा. डच भाषेतला 'सालिख' तर मजेत आहे. मऊ गादीवर अंग टाकलं किंवा आईसक्रीमचा पहिला घास घेतला की डच माणूस म्हणतो, "सालिख!" म्हणजे स्वर्ग! एका घरातले हे तिघे. एक मंदिरात, एक खाण्यापिण्यात रमलेला, आणि तिसरा इंग्लंडात जाऊन बावळट ठरला.

हे झालं कसं? शब्दाचा अर्थ घसरला की आपण पटकन म्हणतो, लोकांनी टिंगल केली. मला इथे टिंगलीपेक्षा दयेचा हात जास्त दिसतो. बघा हं. ज्याच्यावर देवाची कृपा तो निष्पाप. निष्पाप तो निरुपद्रवी. निरुपद्रवी माणसाला कोणीही टपली मारावी, म्हणून तो बिचारा. बिचारा म्हणजे दुबळा. आणि दुबळा, तो डोक्यानंही दुबळाच असणार! इतक्या सगळ्या पायऱ्यांत एकही माणूस वाईट बोललेला नाही. सगळे "अरेरे"च म्हणताहेत. त्या अरेरेनंच शब्दाचं वाटोळं केलं.

मधल्या पायरीवरचा हा शब्द जिवंत पाहायचा असेल तर चौदाव्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरकडे जावं. त्याची गिरणीवाल्यानं सांगितलेली एक गोष्ट आहे. ऑक्सफर्डमधला एक सुतार, नाव जॉन. वय झालेलं, बायको अठरा वर्षांची, ॲलिसन, आणि घरात भाडेकरू म्हणून एक हुशार विद्यार्थी. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. विद्यार्थी सुताराला सांगतो, ग्रह पाहिलेत, बायबलातल्या नोहाच्या वेळेपेक्षा मोठा पूर येणार आहे, आढ्याला तीन डबे टांगून ठेव. सुताराच्या तोंडून पहिलं काय निघतं? "अरे देवा, माझी ॲलिसन! ती बुडणार?" स्वतःचा जीव नंतर. मग तो धावपळ करून एक परात, दोन टब मिळवतो, शिड्या स्वतःच्या हातानं करतो, भाकरी, चीज आणि बिअरची सोय करतो, दोर तोडायला कुऱ्हाड ठेवतो, वर चढतो, प्रार्थना करतो आणि दमून घोरायला लागतो. ती दोघं शिडीवरून हळूच खाली उतरतात. उत्तररात्री वेगळ्याच भानगडीत भाजलेला तो विद्यार्थी "पाणी! पाणी!" म्हणून बोंब ठोकतो. सुताराला वाटतं, आला पूर. तो दोर तोडतो, दाणकन जमिनीवर येतो, हात मोडतो. शेजारी जमतात, वर टांगलेल्या टबांकडे बघून पोट धरून हसतात.

या माणसाला चॉसर पुन्हा पुन्हा 'सीली' सुतार म्हणतो. तेव्हा उच्चार असा लांब होता, 'सीली'. तो आखूड होऊन पुढे 'सिली' झाला. आता या 'सीली'चं मराठी काय कराल? 'बावळट' केलं तर बायकोसाठी त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी निसटतं. 'पुण्यवान' तर होणारच नाही. मी करीन 'बापडा'. गंमत म्हणजे गोष्टीत आधी हाच सुतार विद्यार्थ्यांच्या पुस्तकी उद्योगांना नावं ठेवत म्हणून गेलेला असतो, की ज्याला आपल्या श्रद्धेपलीकडे काही कळत नाही तो अडाणी माणूस धन्य! धन्य हा जुना अर्थ त्याच्याच तोंडी ठेवायचा आणि त्याच श्रद्धेपायी त्याला आढ्यावरून खाली पाडायचं. चॉसर मोठा बेरकी.

शेक्सपिअरपर्यंत शब्द अजून पुरता पडलेला नाही. त्याच्या नाटकातला राजा सहावा हेन्री लढाई चालू असताना उंचवट्यावर बसून मेंढपाळांचा हेवा करतो. 'सिली' मेंढरांकडे बघत झुडपाच्या सावलीत बसण्याचं सुख राजाच्या छत्राखाली नाही, म्हणतो. मेंढरं मूर्ख, असं त्याला म्हणायचं नाही. ती मुकी, गरीब. आपल्याकडे गाय जशी गरीब. पण त्याच सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'मूर्ख' हा अर्थही रुजत होता, आणि शेवटी तोच उरला. १८६१ पर्यंत इंग्लंडात 'सिली सीझन' हा शब्दप्रयोग आला, संसदेला सुट्टी असते तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात वर्तमानपत्रं कसल्याही फालतू बातम्यांनी पानं भरतात त्यावरून. जर्मन लोक त्या दिवसांना आंबट काकड्यांचा हंगाम म्हणतात. हे कुठून आलं ते सांगत बसत नाही, चहाची वेळ होईल.

ही घसरण एकट्या इंग्रजीतली नाही. फ्रेंचमध्ये बघा. लॅटिन 'बेनेदिक्तुस', म्हणजे आशीर्वाद मिळालेला. त्यावरून आलेला 'बने' हा शब्द, अर्थ भोळसट. 'क्रेताँ' म्हणजे मतिमंद, ही आता शिवीच आहे. तिचं मूळ 'ख्रिस्ती' या शब्दाच्या आल्प्समधल्या बोलीतल्या रूपात. 'तोही आपल्यासारखा देवाचा माणूस आहे' अशा करुणेतून तो शब्द वापरात आला असावा, असं सांगतात. पुन्हा दयाच.

आणि आता घरी येऊ. देवानांप्रिय. अशोकाचं बिरुद, 'देवांचा लाडका'. आपल्या नालासोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडलेला शिलालेखाचा तुकडा याच अशोकाचा. संस्कृतात समास झाला की आतली विभक्ती सहसा जाते, 'देवप्रिय' व्हायला हवं. पाणिनीचा एक नियम सांगतो की निंदा करायची असेल तर षष्ठी, म्हणजे इथला 'देवानां', तशीच राहते. पुढचा व्याकरणकार कात्यायन, त्यानं त्याला पुरवणी जोडून 'देवानांप्रिय' नोंदवला. पतंजलीच्या काळी तो सभ्य संबोधन म्हणून चालत होता. पुढे शंकराचार्य प्रतिपक्षाला टोला मारतात तो "देवानांप्रिया, आता एवढं सांग" अशा थाटात. आणि सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या व्याकरणात सरळ येतं, देवानांप्रिय म्हणजे मूर्ख.

यावर नेहमी दिलं जाणारं उत्तर असं, की वैदिक पंडितांनी बौद्ध राजावर सूड उगवला. असेलही थोडं. पण मला ते पुरेसं वाटत नाही. इंग्रजांच्या 'सॅलिग'शी कोणाचं वैर होतं? फ्रेंच 'बने'शी कोणता पंडित भांडला होता? अशोक नसता तरी 'देवांचा लाडका' याच वाटेनं गेला असता, असा माझा अंदाज आहे. पटत नसेल तर आजची मराठी ऐका. "देवमाणूस हो तो!" हे वाक्य दोन सुरांत म्हणून बघा. एकदा हात जोडून. आणि एकदा, भावांच्या वाटणीत ज्याच्या वाट्याला संडासाकडची खोली आली त्याच्याविषयी, मान हलवत. शब्द तोच. दुसऱ्या सुरात तो अर्धा जिना उतरलेला असतो. स्थळ सुचवताना "मुलगा साधा आहे" म्हटलं की मुलीची आई लगेच विचारते, "साधा म्हणजे?"

उलटा प्रवास केलेला एक शब्दही आहे, 'नाइस'. तो लॅटिनमधल्या 'अजाण'वरून निघाला, इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख होता. मग नाजूक, चोखंदळ असं करत करत आता छान झाला आहे. इतका छान, की त्यात काही अर्थच उरला नाही. त्याच्यावर मी वेळ घालवणार नाही.

शेवटी एकच जागा दाखवतो. १७९८ मध्ये कोलरिजनं म्हाताऱ्या खलाशाची दीर्घ कविता लिहिली. जहाज समुद्रात अडकून पडलेलं, चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही. सगळे सोबती मेलेले. मग खलाशाच्या मनावरचा दगड हलतो, त्याला झोप लागते. झोपेत त्याला डेकवर कधीच्या पडून असलेल्या बादल्या दिसतात, आणि त्यांना तो 'सिली' म्हणतो. त्या दवानं भरल्याचं स्वप्न पडतं, आणि जाग येते तेव्हा पाऊस पडत असतो.

बादल्या 'सिली' कशा? कोणी म्हणतं रिकाम्या, निरुपयोगी. कोणी म्हणतं साध्यासुध्या, बिचाऱ्या. आणि कोणाला तिथे जुना 'सॅलिग' ऐकू येतो, कृपा झालेल्या बादल्या. मी बरीच वर्षं 'रिकाम्या' असं शिकवलं. आता त्या ओळी वाचताना मला सुताराचे ते आढ्याला टांगलेले टब आठवतात. त्याचा पूर काही आला नाही. इथे मात्र पाऊस पडला.