गोळी किती वाजता घेतली?

श्रोतेहो, नमस्कार. ऐकता ऐकता एक करून बघा. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर टेकवा, सोडा, पुन्हा टेकवा. असं १० वेळा, जमेल तितकं भराभर आणि बोटं जमेल तितकी फाकवून. आता डाव्या हातानं.

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, पेशंटला मी हेच करायला सांगते. सुरुवातीला बोटं ऐसपैस उघडतात, मग अंतर आक्रसत जातं, मध्येच बोट अडखळतं. ते बघून ० ते ४ यांतला एक आकडा लिहायचा. ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे जवळजवळ जमतच नाही. तुमची बोटं आत्ता दमली असतील तर लगेच घाबरू नका, एवढ्यावरून कोणी निदान करत नाही.

घरच्यांचा प्रश्न मात्र बहुधा वेगळा असतो. "हात फार थरथरतो हो, म्हणजे आजार खूप वाढलाय का?" यात आपल्या 'कंपवात' या शब्दाचा थोडा दोष आहे. ऐकलं की थरथरणारा हातच डोळ्यांपुढे येतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा माणसांचं वर्णन करून हा आजार मांडला, त्यातली काही तर त्यांना रस्त्यात दिसलेली. त्यांनीही नाव दिलं ते थरथरत्या लकव्याचंच. पुढे फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी हरकत घेतली. सगळे थरथरत नाहीत आणि हा लकवाही नव्हे, तर नाव पार्किन्सन यांचंच द्या, असं ते म्हणाले. आपल्याकडे कंप काही नावातून गेला नाही.

खरं तर हा कंप बहुतेकदा हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो, कप उचलायला हात पुढे केला की कमी होतो. लोकांच्या नजरेत भरतो म्हणून माणूस हात खिशात घालून फिरतो, तो त्रास खोटा नाही. पण ज्याचा हात अजिबात थरथरत नाही आणि शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं लागतात, त्याचा आजार मी जास्त गंभीर धरीन.

दुसरा हमखास प्रश्न, "कितवी स्टेज?" मार्गारेट होन आणि मेल्विन यार या डॉक्टरांनी १९६७ मध्ये पाच पायऱ्या सांगितल्या. एकाच बाजूला त्रास ही पहिली, दोन्ही बाजूंना आला की दुसरी. तोल जायला लागला, पण माणूस आपलं आपण करतो, ती तिसरी. चौथीत बरंच परावलंबित्व येतं, तरी आधाराशिवाय उभं राहता येतं. मदतीशिवाय खुर्ची किंवा अंथरूण सुटत नाही ती पाचवी. दुसरी आणि तिसरी यांच्यामधली रेघ महत्त्वाची. ती ओळखायला डॉक्टर पेशंटच्या मागे उभं राहून खांदे झटक्यानं मागे ओढतात. एकदोन पावलांत सावरला तर ठीक. पकडलं नाही तर पडेल, असं असेल तर प्रकरण पुढे गेलेलं. हे घरी करून बघू नका, कृपा करून. खुब्याचं हाड मोडून घेण्याचा तो सोपा मार्ग आहे.

या पायऱ्या कॅन्सरच्या स्टेजसारख्या नाहीत. तिसरीतला माणूस औषधानं दुसरीत येऊ शकतो. आणि दुसऱ्या पायरीवरचा माणूस उदासीनं महिनोन्महिने घराबाहेर पडलेला नसतो, ते या पाच आकड्यांत कुठेच दिसत नाही.

म्हणून १९८७ मध्ये एक मोठी मोजपट्टी आली आणि २००८ मध्ये ती सुधारली गेली. तिचे चार भाग. झोप, बद्धकोष्ठता, उदासी, भास यांचा एक, रोजच्या कामांचा दुसरा, डॉक्टरांच्या तपासणीचा तिसरा, औषधामुळे होणाऱ्या चढउतारांचा चौथा. एकूण गुण २६०, आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. तपासणीच्या १३२ गुणांपैकी कंपाचे फक्त ४०. बाकीचे ताठरपणाचे, मंदपणाचे, चालण्याचे, कोऱ्या झालेल्या चेहऱ्याचे, पुटपुटत्या आवाजाचे.

हाताची घडी घालून खुर्चीतून उठा, असंही त्यात सांगतात. आपल्याकडे मी आणखी एक विचारते, जेवायला मांडी घालून बसता का, आणि बसलात तर उठवतं कोण? जुन्या मोजपट्टीत अन्न कापता येतं का, असा प्रश्न होता. आपण पोळीचा तुकडा मोडतो आणि वरणभात कालवतो, तेव्हा मी तेच विचारते. बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत आला का, हेही. अक्षर बारीक होत जाणं ही या आजाराची जुनी ओळख आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे एक आजोबा यायचे. इस्त्रीचा सदरा, ताठ चाल, सगळे आकडे झकास. मागून आजी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हे घरी असे चालतच नाहीत." दोघंही खरेच होते. आजोबा येण्याआधी पाऊण तास मोजून गोळी घ्यायचे. लेव्होडोपाची, म्हणजे या आजारावरच्या मुख्य औषधाची, गोळी चढलेली असताना माणूस एक असतो, उतरल्यावर दुसराच, पाय जमिनीला चिकटल्यासारखा. काहींचं अंग गोळी चढल्यावर उलट आपोआप वळवळतं. म्हणून गोळी किती वाजता घेतली, हे आकड्याशेजारी लिहिलं नाही तर तो आकडा निरुपयोगी.

आजींना मी साधी शंभर पानी वही करायला सांगितली. दर अर्ध्या तासाला एक शब्द: बरा, जड, वळवळ, झोप. गोळी आणि जेवण यांची वेळ शेजारी. आठ दिवसांनी वही आली. पहाटे चारला "कूस वळवायला मला उठवलं". सातला गोळी, पावणेआठला "चहा स्वतः". साडेदहापासून जड. आणि दुपारी, आठही दिवस, गोळीपुढे एकच शेरा: "चढली नाही".

दुपारची गोळी ते जेवल्यावर घ्यायचे. ताटात उसळ, वर वाटीभर दही. त्यातली प्रथिनं आणि ही गोळी पोटातून पुढे जायला एकाच वाटेवर रेटारेटी करतात. ती गोळी मी जेवणाआधी तासभर घ्यायला सांगितली, आणि रात्रीच्या गोळीचा विचार पुढच्या वहीवर ठेवला. नमस्कार.